चिनी बागचित्रांमधली फुलं, पक्षी आणि किडे: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बागेचं चित्र म्हणजे नक्की काय? अख्खी बाग दाखवतात की एखादंच फूल?

दोन्ही. एका प्रकारात खरोखरच्या बागेचे देखावे असतात, म्हणजे तळं, पूल, मंडप, बांबूचं बन वगैरे. दुसऱ्या प्रकारात बागेतला एखादा कोपराच उचललेला असतो, एक फांदी आणि तिच्यावर एक पक्षी, किंवा दगडाशेजारी शेवंती आणि वर एक नाकतोडा. या दुसऱ्या प्रकाराला चिनी लोक 'ह्वान्याओ' म्हणतात, म्हणजे फुलं-पक्षी, पण त्यात मासे, मांजरं, टोळ, बेडूक, भाजीपाला सगळं येतं. लोकांचे जास्त प्रश्न या दुसऱ्या प्रकाराबद्दल असतात म्हणून इथे भर त्याच्यावर आहे.

पहिल्या प्रकारातलं एक उदाहरण मात्र सांगायलाच हवं. सुझोऊ शहरात वांग श्यानचन नावाच्या अधिकाऱ्याने दरबारातल्या नोकरीला कंटाळून १५०९ च्या सुमारास एक बाग करायला घेतली, तिचं नाव झुओझेंग युआन. त्याचा दोस्त वन चंगमिंग (१४७० ते १५५९) याने १५३३ मध्ये त्या बागेतल्या ३१ जागांची चित्रं काढली आणि प्रत्येक चित्रासोबत एक कविता लिहिली. जागांची नावं बघा, केळीचं कुंपण, पाइनमधला वारा ऐकायची जागा, दव-हिमाची वाट बघायचा मंडप (तिथे संत्र्याच्या जातीची झाडं होती आणि हिम पडल्यावर फळाला गोडी येते म्हणून ते नाव). म्हणजे बागेचा नकाशाच झाडांवरून केलेला. १५५१ मध्ये त्याने त्यातल्याच काही जागांची पुन्हा चित्रं काढली, त्यातली आठ पानं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहेत. बाग आजही आहे, खूप बदललीय, पण आहे.

हे सगळं सुरू कधी झालं?

तांग काळात (६१८ ते ९०७) फुलं-पक्षी हा वेगळा विषय म्हणून आकाराला आला. खरी मजा त्यानंतरच्या शंभर वर्षांत झाली, जेव्हा चीनचे तुकडे पडले होते आणि प्रत्येक छोट्या राज्याचा आपापला दरबार होता. सिचुआनमधल्या दरबारात ह्वांग च्वान होता, नानजिंगकडे शू शी. ह्वांग च्वान राजवाड्याच्या बागेतले दुर्मिळ पक्षी बारीक रेषेत आणि भरगच्च रंगात काढायचा, शू शी तळ्याकाठचं गवत, रानफुलं, भाजीपाला असलं काहीतरी शाईच्या मोकळ्या हाताने. तेव्हापासून 'ह्वांगची श्रीमंती आणि शूचा रानटीपणा' अशी म्हणच पडली, आणि पुढची हजार वर्षं चित्रकार या नाहीतर त्या बाजूला.

ह्वांग च्वानचं एक चित्र बीजिंगच्या पॅलेस म्युझियममध्ये आहे ते इंटरनेटवर काढून बघाच. जेमतेम ७० सेंटीमीटर रुंदीचं रेशमी कापड, त्यावर २४ जीव सुटे सुटे काढलेत, चिमण्या, परीट पक्षी, टोळ, गांधीलमाशी, सिकाडा (झाडावर बसून कर्कश ओरडणारा किडा) आणि उजवीकडे खाली दोन कासवं. मागे काही देखावा नाही. कोपऱ्यात लिहिलंय की मुलाला, जूबाओला, सरावासाठी दिलं. थोडक्यात बापाने पोराला करून दिलेली गिरवायची पाटी. त्यात चिमणीचं एक पिल्लू पंख फडफडवत चोच उघडून घास मागतंय, आणि सिकाडाचे पंख इतके पातळ काढलेत की त्यातून आरपार दिसतं. हजार वर्षांपूर्वीचं काम आहे हे!

एक सम्राट स्वतःच चित्रकार होता म्हणे?

हो, सोंग वंशाचा हुईझोंग (१०८२ ते ११३५). राज्य करायला फारसा बरा नव्हता पण पक्षी बघायला त्याच्यासारखा डोळा कुणाचा नाही. त्याची एक गोष्ट पुढच्या काळात लिहून ठेवलेली आहे ती अशी, की राजवाड्यासमोरच्या लिचीच्या झाडाला फळं लागली होती, खाली एक मोर आला, सम्राटाने दरबारी चित्रकारांना बोलावून चित्रं काढायला सांगितली. सगळ्यांनी झकास काढली, मोर उंचवट्यावर चढतोय आणि उजवा पाय उचललाय. सम्राट म्हणाला जमलं नाही. का ते कुणालाच कळेना. काही दिवसांनी पुन्हा विचारलं तेव्हाही कुणी सांगू शकलं नाही, मग तोच म्हणाला, मोर वर चढताना आधी डावा पाय उचलतो. आता हे खरं आहे का ते मोर असलेल्या गावातल्या कुणीतरी बसून बघावं, पण दरबारात नजर किती बारीक लागायची ते त्यावरून कळतं.

त्याच्या नावावरचं बांबू आणि दोन छोट्या पक्ष्यांचं चित्र मेट्रोपॉलिटनमध्ये आहे. त्यात पक्ष्यांचे डोळे शाईचे नाहीत, लाखेच्या झाडाच्या चिकाचा थेंब आहे, तो किंचित फुगीर राहतो आणि चमकतो. फोटोत हे धड दिसत नाही, पण कडेने प्रकाश पडला की पक्षी तुमच्याकडेच बघतोय असं वाटतं.

त्याच्या काळात दरबारी संग्रहाची यादी झाली (११२०), त्यात २३१ चित्रकारांची ६,३९६ चित्रं नोंदलीत आणि त्यातली अडीच हजारांच्या वर फुलं-पक्ष्यांची. आणि याच माणसाने राजधानीत, म्हणजे आजच्या काइफेंगमध्ये, गेन्युए नावाची प्रचंड बाग केली, दक्षिणेतून दगड आणि झाडं होड्यांनी आणून, लोकांचे हाल करून. ११२२ ला बाग पुरी झाली. त्यानंतर चारपाच वर्षांत उत्तरेच्या जिन सैन्याने शहराला वेढा घातला तेव्हा बागेतले पाणपक्षी नदीत सोडून दिले, हरणं मारून सैनिकांना खायला घातली, दगड फोडून गोफणयंत्रांना दारूगोळा म्हणून वापरले, बांबू तोडले, आणि ही सगळी नोंद सोंग वंशाच्या अधिकृत इतिहासात आहे. सम्राट कैदेत मेला. सुंदर बागचित्रांच्या पुस्तकात हा भाग सहसा एका ओळीत उरकतात, मला तो मोठा वाटतो.

सारखं सारखं बांबू, ऑर्किड, शेवंती आणि ते पांढऱ्या फुलांचं झाड, बाकी काही मिळत नव्हतं का?

मिळत होतं हो, पण या चौघांना 'चार सज्जन' म्हणतात आणि मिंग काळापर्यंत (१३६८ ते १६४४) ही चौकडी पक्की झाली. ते झाड म्हणजे 'मेई'. इंग्रजी पुस्तकांत त्याला प्लम म्हणतात पण ते आपल्या आलूबुखारापेक्षा जर्दाळूला जास्त जवळचं आहे. थंडी संपायच्या आत, पानं यायच्या आधी, नुसत्या काळ्या वाकड्या फांदीवर फुलं येतात, कधीकधी बर्फ अंगावर घेऊन. म्हणून ते चिवटपणाचं झाड. हांगझोऊच्या तळ्याकाठी लिन बू नावाचा कवी राहायचा (मृत्यू १०२८), त्याने लग्न केलं नाही, मेई हीच बायको आणि करकोचे हीच मुलं असं लोक म्हणायचे. करकोचा आणि मेई एकत्र दिसले की बहुतेक वेळा हा माणूस चित्रात असतोच, नसला तरी त्याची आठवण असते.

शेवंती म्हणजे ताओ युआनमिंग (३६५ ते ४२७). साहेबांपुढे वाकायला नको म्हणून नोकरी सोडून गावाला गेलेला कवी, कुंपणापाशी शेवंती लावायचा. आपल्याकडे शेवंती म्हटलं की गजरा, हार, दसऱ्याचा बाजार डोळ्यासमोर येतो, तिकडे रिटायरमेंट. ऑर्किड म्हणजे आपण लग्नाच्या स्टेजवर बघतो ते जांभळं नव्हे, गवतासारखी पानं आणि बारीक हिरवट फुलं, दिसायला काही नाही, वास मात्र जबरदस्त. कोणी बघो न बघो आपला दरवळत राहणारा माणूस.

ऑर्किडचं एक चित्र विसरता येत नाही. जंग सश्याव नावाच्या चित्रकाराने १३०६ मध्ये काढलेलं, आज जपानमध्ये ओसाकाच्या म्युझियममध्ये आहे. मंगोलांनी चीन घेतल्यानंतर तो ऑर्किडखाली माती काढेनासा झाला. का, तर माती परक्यांनी नेली. सातआठ पानं, एक फूल, आणि खाली काहीच नाही. त्या काळात घोषणा देऊन जीव वाचला नसता, पण गवताच्या पात्याला कोण अटक करणार.

बांबूवर लिहायला बसलो तर पान संपणार नाही. एवढंच सांगतो की वन तोंग (१०१८ ते १०७९) बांबूचा बादशहा, आणि त्याचा नातलग-मित्र कवी सू शी याने त्याच्याबद्दल लिहिलं की ब्रश उचलायच्या आधी अख्खा बांबू मनात तयार असायला लागतो. आजही चिनी माणूस तयारीनिशी कामाला बसलेल्याला 'छातीत बांबू तयार आहे' असं म्हणतो.

कमळ तर आपलंच आहे ना?

आपलंही आणि त्यांचंही. बौद्ध धर्माबरोबर कमळाचं पावित्र्य भारतातून गेलं हे खरं, पण फूल त्यांच्या तळ्यांत आधीपासून होतंच, कंद भाजीत आणि बिया खिरीत. अकराव्या शतकात चौ दुन्यीने एक छोटा निबंध लिहिला, त्यात शेवंती हा संन्यासी, पिओनी (मोठं, भरगच्च पाकळ्यांचं फूल) हा श्रीमंत आणि कमळ हा सज्जन, चिखलातून येऊनही न माखलेला. ही कल्पना आपल्याला काही नवीन नाही.

फरक चित्रात आहे. आपल्याकडे कमळ सहसा पूर्ण उमललेलं, देवाच्या हातात किंवा पायाखाली, एकदम नीट. चिनी चित्रात कमळाची फाटकी पानं असतात, किड्यांनी खाल्लेली, शरदात करपून मान मोडलेली, बियांचा वाळलेला बोंडा, त्यावर एखादा खंड्या. मला विचाराल तर फुलापेक्षा पानांसाठी ही चित्रं बघावीत, ओल्या ब्रशच्या दोन फटकाऱ्यांत अख्खं पान कसं उलगडतं ते तिथेच कळतं.

वटवाघूळ शुभ कसं काय?

उच्चारामुळे. चिनी भाषेत वेगळ्या अक्षरांचे उच्चार सारखे असणं फार कॉमन आहे आणि चित्रकारांनी त्याचा पुरेपूर फायदा घेतला. वटवाघळातला 'फू' आणि सौभाग्य 'फू' सारखाच, म्हणून पाच वटवाघळं म्हणजे पाच सुखं. हरीण 'लू' आणि सरकारी पगार पण 'लू'. मासा 'यू' आणि शिल्लक उरणं पण 'यू', म्हणून नववर्षाला मासा. लावा पक्षी म्हणजे शांतता. मांजर आणि फुलपाखरू एकत्र असेल तर ते उच्चार मिळून सत्तरी-ऐंशी-नव्वदी पार केलेल्या माणसाचा शब्द होतो, म्हणजे आजोबांच्या वाढदिवसाचं गिफ्ट. मेईच्या फांदीवर मॅगपाय (कावळ्याच्या कुळातला काळा-पांढरा पक्षी, तिकडे तो आनंदाचा पक्षी) बसला की आनंद भुवयांवर उमटला, कारण भुवई पण 'मेई'. बगळा आणि कमळ म्हणजे एकामागून एक सगळ्या परीक्षा पास होवोत, हे चित्र सदाशिव पेठेत हातोहात खपलं असतं.

वटवाघळं मात्र चित्रांपेक्षा कपडे, चिनी मातीची भांडी, फर्निचर यांवर जास्त सापडतील, आणि तीही छिंग काळात (१६४४ ते १९१२) सगळ्यात जास्त.

मग प्रत्येक चित्र हे कोडं म्हणून सोडवायचं का?

नाही! आणि या प्रश्नासाठीच खरं तर हे सगळं लिहायला घेतलं. नेटवर जिकडेतिकडे याद्या फिरतात, पिओनी म्हणजे श्रीमंती, डाळिंब म्हणजे पोरंबाळं, पीच म्हणजे दीर्घायुष्य, आणि लोक यादी हातात घेऊन चित्रासमोर उभे राहतात, टिकमार्क करतात आणि पुढे जातात. याद्या चुकीच्या नाहीत, पण त्या बहुतेक मिंग-छिंग काळातल्या भेटवस्तूंच्या सवयी आहेत, त्या तशाच्या तशा सोंग काळातल्या चित्रावर चिकटवता येत नाहीत.

तैपेईच्या नॅशनल पॅलेस म्युझियममधलं त्स्वेई बायचं चित्र घ्या, १०६१ सालचं, जवळजवळ दोन मीटर उंच. त्याला 'दुहेरी आनंद' असं नाव पडलं कारण दोन मॅगपाय आहेत. आता नाव बाजूला ठेवून चित्र बघा. जोराचा वारा आहे, बांबू आणि गवत एका बाजूला वाकलंय, पानं झडत आलीत. वर दोन पक्षी, एक फांदीवर ओणवा होऊन, दुसरा हवेतच, आणि दोघं मिळून खालच्या सशाला अक्षरशः शिव्या घालतायत. ससा एक पाय उचलून, मान मागे वळवून वर बघतोय, हा काय ताप आहे असा चेहरा. यात आनंद कुठे आहे? हे भांडण आहे, रानात रोज होतं तसं. सशाच्या अंगावरचे केस किती प्रकारच्या रेषांनी काढलेत ते मोठं करून बघा, आणि सही शोधा, ती झाडाच्या खोडावर लपवलीय, साल म्हणूनच वाचली जाईल अशी.

म्हणून माझं म्हणणं, आधी पक्षी बघा, तो काय करतोय, ऋतू कुठला, वारा कुठून, कोण कुणाकडे बघतंय. अर्थाची यादी नंतर.

पक्षी सरकारी कपड्यांवर पण असायचे का?

हो, मिंग दरबाराने १३९१ मध्ये नियमच केला. मुलकी अधिकाऱ्याच्या छातीवर पक्षी, लष्करी अधिकाऱ्याच्या छातीवर जनावर. छिंग काळात पहिल्या दर्जाला करकोचा, तिसऱ्याला मोर, सहाव्याला बगळा, आठव्याला लावा आणि शेवटच्या नवव्या दर्जाला स्वर्गीय नर्तक. हो तोच, पावसाच्या आधी आपल्याकडे झाडीत लांब पांढरी शेपटी हलवत फिरतो त्याचा जवळचा भाऊबंद. पक्षीवाल्यांना हे ऐकून राग येतो, एवढा देखणा पक्षी आणि सगळ्यात खालची पोस्ट.

बागा बांधणारे बहुतेक हेच अधिकारी होते, हे लक्षात ठेवलं की तळ्याकाठचा करकोचा किंवा बगळा वेगळाच दिसायला लागतो.

मासे एवढे का काढतात?

च्वांगत्झ हा जुना चिनी तत्त्वज्ञ आणि त्याचा वादपटू मित्र पुलावर उभे असतात. च्वांगत्झ म्हणतो मासे बघ कसे मजेत आहेत. मित्र म्हणतो, तू मासा नाहीस, तुला कसं कळलं? च्वांगत्झ म्हणतो, तू मी नाहीस, मग मला कळत नाही हे तुला कसं कळलं? दोन हजार वर्षांपेक्षा जुनी गोष्ट आहे आणि त्यावरून बागांमध्ये 'मासे जाणण्याच्या' जागा बांधल्या गेल्या, वूशी शहरातल्या जिचांग बागेत त्या नावाचा मंडप आहे आणि बीजिंगच्या समर पॅलेसमध्ये त्या नावाचा पूल. तळ्यातल्या माशांचं चित्र बघताना पाणी शोधा, पाणी बहुतेक काढलेलंच नसतं. चारदोन शेवाळाचे धागे, वर पडलेली पाकळी आणि खोलवरचे मासे फिकट, एवढ्यावर अख्खं तळं उभं राहतं.

सोनमासा हा प्रकार पण चीनमध्येच पाळून तयार झालेला, सोंग काळात हांगझोऊच्या आसपास त्याची फॅशन जोरात होती.

केळ? बागेत केळ शोभेला?

कोकणातल्या माणसाला हे पटत नाही, माहितीय. पण सुझोऊकडची केळ ही थंडीतही तग धरणारी जात आहे, तिला खाण्यासारखं फळ धरत नाही. ती लावतात मोठ्या पानांसाठी आणि त्यावर पडणाऱ्या पावसाच्या आवाजासाठी. झुओझेंग युआनमध्ये पाऊस ऐकायची खास खोली आहे आणि तिच्याभोवती केळी लावल्यात. पन्हळीखालच्या केळीवर पागोळ्या पडताना ज्यांनी ऐकल्यात त्यांना समजावून सांगायची गरज नाही.

केळीवरून कलेतला एक जुना वादही आहे. तांग काळातल्या वांग वेइ या कवी-चित्रकाराने बर्फात केळ काढली होती. लोक म्हणाले हे चूक आहे, बर्फात केळ कशी टिकेल? सोंग काळातला विद्वान शन क्वो म्हणाला, चित्र असं वाचायचं नसतं. आता बघा, एकीकडे हुईझोंग मोराचा पाय कुठला ते तपासतोय आणि दुसरीकडे हा. दोन्ही मंडळी एकाच परंपरेतली.

वाघ कुणी बागेत ठेवला होता का?

१९३० च्या दशकात खरंच ठेवला होता. झांग शानत्झ आणि त्याचा धाकटा भाऊ झांग दाच्यान हे चित्रकार सुझोऊच्या वांगशी बागेत राहायचे आणि शानत्झने मॉडेल म्हणून वाघाचं पिल्लू पाळलं होतं. वाघ मेल्यावर त्याला तिथेच पुरलं, जागा आजही दाखवतात. पुढे हाच झांग दाच्यान १९५० मध्ये भारतात आला आणि अजिंठ्याच्या लेण्यांमधली चित्रं बघून गेला, त्याआधी त्याने चीनमधल्या दुनह्वांगच्या बौद्ध लेण्यांमधली भित्तिचित्रं नकलून काढण्यात काही वर्षं घालवली होती आणि त्याला दोन्ही ताडून बघायची होती.

त्या चित्रातला पक्षी रागावलेला का दिसतो?

बहुधा तुम्ही बादा शानरनचं चित्र बघितलंय. हा (१६२६ ते १७०५) मिंग राजघराण्यातला. १६४४ मध्ये मिंग राज्य बुडालं, हा बौद्ध भिक्षू झाला, नंतर पुन्हा संसारी. त्याचे पक्षी एका पायावर अंग फुगवून उभे, मासे हवेत असल्यासारखे, आणि सगळ्यांची बुबुळं वर चढलेली, जगाकडे तुच्छतेने बघणारी. सही अशी जोडून करायचा की 'रडतो' आणि 'हसतो' अशी दोन्ही अक्षरं वाचता येतात. माझा सगळ्यात आवडता चित्रकार, त्यामुळे थोडक्यात थांबतो.

रंग कसले वापरायचे? सावली का नसते?

हिरवा मॅलॅकाइटचा दगड कुटून, निळा अझुराइटचा, लाल हिंगुळ, पांढरा शिंपले भाजून दळून. शाई पाइनच्या काजळीची. पिवळा मात्र मजेशीर, तो कंबोडिया-थायलंडकडच्या एका झाडाचा चीक असतो आणि ते झाड आपल्या कोकमाच्याच कुळातलं, फक्त हा चीक विषारी आहे, ब्रश तोंडात धरायची सवय असेल तर सोडा.

बारीक कामाला 'गोंगबी' म्हणतात. रेशमाला आधी सरस आणि तुरटीचं पाणी देतात म्हणजे रंग फुटत नाही, मग शाईने बारीक बाह्यरेषा, मग पातळ रंगाचे हात एकावर एक, आणि कधीकधी रेशमाच्या मागच्या बाजूनेही रंग लावतात, त्यामुळे पाकळी आतून उजळल्यासारखी दिसते. मोकळ्या कामाला 'शिएयी'. ते आन्ह्वेइ प्रांतातल्या श्वान कागदावर, झाडाची साल आणि भाताचा पेंढा यांचा कागद, पाण्याचा थेंब टेकला की पसरतो, खोडायची सोयच नाही. मधली एक पद्धत बिनहाडाची, रेषाच नाही, थेट रंगाने पाकळी, त्यात युन शौपिंग (१६३३ ते १६९०) उस्ताद.

सावली नसते कारण त्यांना सकाळी दहाचं ऊन दाखवायचं नव्हतं, पानाची घडण दाखवायची होती. मागची जागा रिकामी का, तर ती रिकामी नाही, ती धुकं, पाणी, आकाश, गरजेप्रमाणे काहीही आहे.

चित्रभर लाल शिक्के का असतात?

मालकांचे. ज्याच्याकडे चित्र गेलं त्याने आपला शिक्का मारला. सम्राट छ्यानलोंगने (राज्यकाळ १७३५ ते १७९६) तर इतके मारलेत, शिवाय कविताही लिहिल्यात, की चित्रकाराची कीव येते.

मुंबईत असलं काही बघायला मिळेल का?

फोर्टमधल्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात रतन टाटा आणि दोराब टाटा यांच्या संग्रहातल्या चिनी वस्तू आहेत, चिनी मातीची भांडी, जेड वगैरे, त्यांवर हीच फुलं आणि हेच पक्षी शोधत फिरा.

पण सगळ्यात जवळची गोष्ट म्हणजे पारशी गारा साडी. चीनशी व्यापार करणारे पारशी व्यापारी एकोणिसाव्या शतकात भरतकाम केलेलं रेशीम तिकडून घेऊन यायचे. करकोचे, शेवंती, पिओनी, बांबू, पूल, मंडप, सगळी चिनी बाग सहा वारांत. पारशी बायकांनी त्या नक्ष्यांना आपली नावं दिली, चिमणा-चिमणीच्या जोडीला 'चकला-चकली', गोल गोल नक्षीला 'कांदा-पापेटा' म्हणजे कांदा-बटाटा, आणि एका फुलाच्या नक्षीला चक्क 'करोळिया', म्हणजे कोळी. ओळखीत कुणी पारशी आजी असतील तर त्यांना कपाट उघडायला सांगा, म्युझियमपेक्षा भारी.

घरबसल्या बघायचं तर मेट्रोपॉलिटन आणि तैपेईच्या म्युझियमच्या साइटवर मोठे फोटो फुकट मिळतात. झूम करून बघा, मोबाइलवर नको, मोठा स्क्रीन घ्या.

मला काढायला शिकायचंय, सुरुवात कशाने करू?

ऑर्किडच्या पानांनी. नानजिंगमधल्या मोहरीच्या दाण्याएवढ्या बागेच्या नावाने एक चित्रपोथी निघाली होती, पहिला भाग १६७९ मध्ये आणि फुलं-पक्ष्यांचे भाग १७०१ मध्ये, आणि तेव्हापासून चीन-जपानमधले विद्यार्थी त्यावरूनच गिरवतात. त्यातला ऑर्किडचा धडा असा: पहिलं पान एका दमात लांब काढा, मधे ब्रश थोडा दाबा, मग उचला, मग पुन्हा थोडा दाबा म्हणजे पान वळल्यासारखं वाटेल. दुसरं पान पहिल्याला बुडाशी छेद देऊन विरुद्ध बाजूला. दोघांच्या मधे जी बदामाच्या आकाराची फट तयार होते तिला 'फिनिक्सचा डोळा' म्हणतात. तिसरं पान तो डोळा फोडून जायला पाहिजे. एवढं बसलं की फुलं, पाच फटके, मग त्यात शाईचे तीन टिपके.

हात मनगटातून नाही, खांद्यातून हलवायचा. श्वान कागद लगेच विकत घेऊ नका, महाग पडतो आणि नवख्याची शाई त्यात नुसती पसरते, आधी जुन्या वर्तमानपत्रावर काढा, त्यावरही शाई बऱ्यापैकी शोषली जाते आणि फुकट घालवल्याचं वाईट वाटत नाही. ब्रश मात्र टोकदार घ्या, वॉटरकलरचा गोल ब्रश सुरुवातीला चालेल.